चालते घर

ऑक्टोबरचा पहिला आठवडा. सकाळचे नऊ वाजले आहेत. अमेरिकेच्या ईशान्य भागात न्यू हॅम्पशायर नावाचे एक लहानसे डोंगराळ राज्य आहे. तेथील लिंकन या गावाच्या पेट्रोलपंपावर एक घर पेट्रोल भरून घेत उभे आहे.

घर पेट्रोल भरून घेते हे वाचून नवल वाटेल. परंतु ते खरोखरीचेच घर आहे. त्याला दार आहे, खिडक्या आहेत, खिडक्यांना आजीने स्वतः शिवलेले पडदे आहेत. आत चूल आहे, मोरी आहे, निजावयास बिछाने आहेत. आणि या सर्वांच्या खाली चाके आहेत. अशा वाहनाला तिकडे ‘मोटरहोम’ म्हणतात. मराठीत आपण त्याला मोटारघर म्हणू.

या मोटारघरातून एक कुटुंब सहलीला निघाले आहे. आजोबा, आजी, त्यांची मुलगी, जावई, बारा वर्षांची नात आणि आठ वर्षांचा नातू अशी ही सहा माणसे. दरवर्षी पानांना रंग चढला की ती याच रस्त्याने जातात आणि दरवर्षी गाडी आजोबाच चालवतात. यंदा निघण्यापूर्वी मुलीने एकदा हळूच विचारले होते, “बाबा, या वेळी मी चालवू का?” आजोबा हसले होते आणि किल्ली त्यांनी स्वतःच्या खिशात टाकली होती.

पेट्रोल भरून झाले. आता यादी वाचण्याचे काम नातवाचे. आजोबांच्या हातची ती जुनी यादी दाराच्या आतल्या बाजूस चिकटवलेली आहे. नातू एकेक कलम मोठ्याने वाचतो आणि ज्याच्याकडे ते काम असेल तो उत्तर देतो.

“गॅस बंद केला?”

“केला.”

“छताचा झरोका मिटला?”

“मिटला.”

“पायरी आत ओढली? कपाटांच्या कड्या लावल्या?”

“ओढली, लावल्या, सगळे झाले! चला आता!” नात उतावीळपणे म्हणते.

या यादीवाचून चालत नाही. जमिनीवरचे घर एका जागी स्वस्थ बसलेले असते. चालते घर वळणावर कलते, खड्ड्यात आदळते आणि उतारावर पुढे झुकते. कपाटाची कडी राहिली की बश्या बाहेर उड्या घेतात. म्हणून गाडी चालू असताना सर्वांनी आपापल्या जागी पट्टे बांधून बसावयाचे असते. चहा करणे, पत्ते खेळणे, निजणे हे सारे गाडी थांबल्यावर.

घराच्या आतील रचना मोठ्या कौशल्याची असते. जागा थोडी असल्यामुळे तेथील बहुतेक वस्तूंना दोन दोन कामे करावी लागतात. जेवणाचे टेबल खाली दाबून बसवले की रात्री त्याचाच पलंग होतो. बाकाची फळी उचलली की खाली पेटी असते. पाण्याच्या टाक्या तीन: एक स्वच्छ पाण्याची, दुसरी आंघोळीच्या व भांडी धुण्याच्या सांडपाण्याची आणि तिसरी शौचकूपाची. पहिली टाकी जसजशी रिकामी होते तसतशी दुसरी भरत जाते, आणि दोन्हींवर लक्ष ठेवावे लागते. सांडपाणी वाटेल तेथे सोडता येत नाही. त्यासाठी ठरावीक ठिकाणे असतात, तेथेच नळी जोडून टाक्या रित्या करावयाच्या. हे काम कोणालाच आवडत नाही. या घरात ते जावईबापूंकडे आहे. सहा माणसांना पाणी पुरवून वापरावयाचे म्हणजे अंगाला साबण लावताना तोटी बंद ठेवावी लागते. पाण्याच्या दुर्भिक्ष्याची ज्यांना सवय आहे, त्यांना हे सांगावे लागणार नाही. नळ सोडून दात घासणाऱ्या मुलांना मात्र पहिल्या दिवशी बोलणी खावी लागतात.

अशा घराची खरी सोय होते ती म्हाताऱ्या माणसांना. रोज नवी खोली, नवा बिछाना, नवा जिना, याचा त्यांना शीण येतो. येथे उशी तीच, औषधांचा डबा त्याच फळीवर आणि रात्री उठावे लागले तर अंधारातही पाय चुकत नाही. दमल्यासारखे वाटले की गाडी थांबवावी आणि घटकाभर पडावे. महाराष्ट्रातूनही कितीतरी आजी-आजोबा मुलानातवंडांना भेटण्यासाठी अमेरिकेला जातात. त्यांचा मुक्काम या दिवसांत असला, तर घरची माणसे त्यांना रंगीत राने दाखवावयास हौसेने नेतात.

घर बरोबर घेऊन हिंडण्याची ही हौस आजची नव्हे. इंग्लंडात १८८५ साली गॉर्डन स्टेबल्स नावाच्या डॉक्टर-लेखकाने ‘वाँडरर’ म्हणजे ‘भटक्या’ या नावाची घोड्यांची गाडी खास राहण्यासाठी बांधवून घेतली आणि तीतून तो थेट स्कॉटलंडपर्यंत गेला. त्याचा नोकर तीनचाकी सायकलवरून पुढे जाई आणि मागून हे धूड येत असल्याची वर्दी देई. मोटारी आल्यावर घोडे गेले. १९१० साली अमेरिकेत ‘पिअर्स-अॅरो’ कंपनीने अशी मोटार दाखवली की, तिच्या मागच्या आसनाचा बिछाना होई आणि चालकाच्या पाठीमागे हात धुण्याचे भांडे उघडे. ती अर्थात श्रीमंतांसाठीच होती. आयोवा राज्यातील ‘विनेबेगो’ कंपनीने १९६६ पासून मोटारघरे मोठ्या संख्येने व स्वस्तात बनवावयास आरंभ केला, तेव्हा ती साध्या गृहस्थाच्या आवाक्यात आली. जॉन स्टाइनबेक हा प्रसिद्ध कादंबरीकार त्याआधीच, १९६० च्या सप्टेंबरात, एका मालमोटारीवर लाकडी खोलीसारखे घर चढवून चार्ली नावाच्या कुत्र्यासह देश पाहावयास निघाला होता. डॉन क्विक्झोटच्या मरतुकड्या घोड्याचे ‘रोसिनांते’ हे नाव त्याने आपल्या गाडीला दिले होते.

परंतु या साऱ्यांत गमतीची टोळी म्हणावी ती चौघा स्नेह्यांची: मोटारींचा कारखानदार हेन्री फोर्ड, संशोधक एडिसन, टायर बनवणारा फायरस्टोन आणि निसर्गाविषयी लिहिणारा वृद्ध लेखक जॉन बरोज. १९१८ साली हे चौघे मोटारींचा तांडा घेऊन अॅपलाचियन पर्वतांत हिंडले, तेव्हा बरोज ८१ वर्षांचा होता. पांढरीशुभ्र दाढी छातीवर रुळत असलेला हा म्हातारा फोर्डबरोबर लाकडे तोडण्याची चढाओढ लावी. स्वयंपाकाची गाडी बरोबर असे आणि एडिसनच्या कृपेने तंबूत विजेचे दिवे लागत. गाडीची हौस बरोजला उतारवयातच लागली. फोर्डने १९१३ साली त्याला एक मोटार भेट दिली, आणि रानातून पायी हिंडण्यात आयुष्य घालवलेला हा गृहस्थ मोटारीत रमला.

लिंकन सोडल्यावर चढ लागतो. लिंकन ते कॉन्वे हा रस्ता सुमारे ५५ किलोमीटरांचा असून ‘व्हाइट माउंटन्स’ नावाच्या डोंगरांतून जातो. वाटेत एकही पेट्रोलपंप नाही. म्हणून आरंभीच टाकी भरून घ्यावयाची.

“आजोबा, या रस्त्याला कँकामॅगस हे चमत्कारिक नाव कोणी ठेवले?” नातवाने मागून विचारले.

“अरे, तो एक नातूच होता,” आजोबा समोर पाहत म्हणाले, “आणि त्याचा आजोबा होता पॅसाकोनावे.”

ही हकीकत सतराव्या शतकातील आहे. युरोपातून गोरे लोक येण्यापूर्वीपासून या डोंगरांत व नद्यांच्या काठी मूळचे रहिवासी नांदत होते. पॅसाकोनावे हा त्यांच्यातील पेनाकुक लोकांचा थोर नायक. त्याने अनेक जमातींना एकत्र आणले आणि नव्याने आलेल्या इंग्रजांशी शांततेने राहण्याचे धोरण पाळले. पुढे नायकपद त्याच्या नातवाकडे, कँकामॅगसकडे आले. तोवर पायाखालची भूमी सरकू लागली होती. आजोबांच्या धोरणावर नातवाचा विश्वास उरला नाही. १६८९ साली डोव्हर येथील इंग्रजांच्या वस्तीवर झालेल्या हल्ल्यात त्याने पुढाकार घेतला आणि अखेर त्याला आपल्या लोकांसह उत्तरेकडे निघून जावे लागले. आज या डोंगरांतील एका शिखराला आजोबाचे नाव आहे आणि दुसऱ्याला नातवाचे. रस्ता मात्र नातवाच्या नावाने ओळखला जातो.

जसजसा चढ वाढू लागला तसतशा दोन्ही बाजूंच्या उतारांवर जणू रंगांच्या राशी ओतल्यासारख्या दिसू लागल्या. बर्च वृक्ष हळदीसारखे पिवळे, बीच तांबूस तपकिरी. आणि मेपल तर कोठे केशरी, कोठे शेंदरी, कोठे लालभडक. अधूनमधून देवदाराच्या कुळातील हिरवे वृक्ष तसेच्या तसे उभे. त्यांच्यामुळे इतर रंग अधिकच खुलतात.

हे रंग येतात कोठून? पान हिरवे दिसते ते हरितद्रव्यामुळे. सूर्यप्रकाशाच्या साहाय्याने झाडासाठी साखर तयार करण्याचे काम हे द्रव्य करते. ते सतत मोडत असते आणि पान ते सतत नव्याने घडवत असते. शरद ऋतूत दिवस लहान होऊ लागले, रात्री गार पडू लागल्या की झाड पुढील कडक हिवाळ्याची तयारी करू लागते. पानांतील उपयुक्त द्रव्ये ते खोडात व मुळांत ओढून घेते. पानाच्या देठाशी बुचासारखा एक पातळ थर धरू लागतो. हरितद्रव्य नव्याने घडणे थांबते आणि असलेले मोडून जाते. मग आतापर्यंत त्याच्याआड दडलेला पिवळा रंग उघडा पडतो. हा पिवळा रंग पानात प्रथमपासूनच होता. गाजराला रंग देणाऱ्या द्रव्यांच्याच जातीचा तो आहे. लाल रंगाची गोष्ट निराळी. तो आधी नसतो, निरोपाच्या दिवसांत नव्याने तयार होतो. देठाशी वाट अडल्यामुळे पानात कोंडलेल्या साखरेपासून झाड तो बनवते. जांभळाला व कोकमाला रंग देणारी द्रव्ये याच जातीची होत. दिवसा लख्ख ऊन आणि रात्री गारठा, पण गोठवणारी थंडी नाही, असे काही दिवस लागोपाठ आले की लाल रंग विशेष चढतो. ढगाळ व पावसाळी वर्षी तो फिका राहतो. म्हणूनच कोणतीही दोन वर्षे सारखी नसतात आणि दरवर्षी जाणाऱ्यालाही दरवर्षी नवेच काही पाहावयास मिळते.

आपल्याकडे शरदात कोजागरीचे चांदणे असते, पण पानगळ नसते. ती शिशिरात येते. आणि लाल पानांचा थाट पाहावयाचा असेल तर वसंतात कुसुंब वृक्षाकडे जावे. त्याची कोवळी पालवी अंगारासारखी लाल असते, पिंपळाचीही तांबूस असते. इकडे पान जन्मताना रंगते, तिकडे जाताना.

घाटमाथा २,८५५ फूट उंचीवर आहे. तेथे आजोबांनी गाडी थांबवली. आजीने चहा केला आणि सर्वजण कठड्याशी उभे राहिले. वारा इतका बोचरा होता की चहा लवकरच निवला.

उतरताना तो प्रसंग घडला. ऊन समोरून येत होते आणि फांद्यांच्या फटींतून रस्त्यावर उजेडाच्या व सावलीच्या पट्ट्या पडल्या होत्या. एका वळणावर छायाचित्र घेण्यासाठी एक माणूस रस्त्याच्या अगदी कडेवर येऊन उभा होता. तो मुलीला दिसला. नातीला दिसला. आजोबांना तो दिसला नाही.

“बाबा!”

आजोबांनी जोराने ब्रेक दाबला. घर करकरत थांबले. तो माणूस दचकून मागे सरला. मागे कोठेतरी कडी निसटली आणि आजीचा निळा पेला खाली पडून फुटला. कोणालाही काही लागले नाही. माणसाने हात वर करून ‘ठीक आहे’ अशी खूण केली, आणि आजोबांनीही हात केला; पण तो हात कापत होता. नंतर बराच वेळ कोणी बोलले नाही. नातवाला वाटले, आपण कड्यांचे कलम नीट विचारले असते तर पेला फुटला नसता. तो गुपचूप तुकडे गोळा करू लागला, तेव्हा आजीने त्याचा हात धरला आणि ते काम स्वतः केले.

मुक्काम पॅसाकोनावेच्याच नावाच्या तळावर होता. हा सरकारी वनखात्याचा साधा तळ आहे. तेथे मोटारघरांना वीज जोडून मिळत नाही, म्हणून दिवे बेताने वापरावे लागतात. तिन्हीसांजेला शेकोटी पेटली. जावईबापूंनी कणसे भाजली. आजोबा मात्र शेकोटीपासून थोडे दूर बसले होते.

“आजी, गोष्ट सांग ना,” नात म्हणाली.

आजीने सांगितली ती गोष्ट खरी आहे. ओहायो राज्यात डंकन फॉल्स नावाच्या गावी जॉय रायन नावाची एक आजी राहत असे. घरच्या भांडणांमुळे तिची व तिच्या ब्रॅड नावाच्या नातवाची अनेक वर्षे ताटातूट झाली होती. पुढे दोघांचे येणेजाणे पुन्हा सुरू झाले. ब्रॅड आपल्या डोंगरांतील भटकंतीच्या गोष्टी सांगे. एकदा बोलता बोलता आजी म्हणाली की, तिने आयुष्यात डोंगर असा कधी पाहिलेलाच नाही. तेव्हा तिचे वय होते ८५. २०१५ च्या सप्टेंबरात नातवाने तिला गाडीत बसवले आणि ते ‘ग्रेट स्मोकी माउंटन्स’ या राष्ट्रीय उद्यानाकडे निघाले. त्यांच्याजवळ मोटारघर नव्हते. होता एक तंबू. ती दोघे पोहोचली तेव्हा मध्यरात्र उलटली होती आणि पाऊस पडत होता. त्या पावसातच नातवाने तंबू उभारला, आणि ८५ वर्षांची आजी त्यात निजली.

“मग? डोंगर पाहिला तिने?”

“पाहिला तर! चढलीसुद्धा. थांबत थांबत, दम घेत घेत.”

ती एक सहल तेवढ्यावर राहिली नाही. अमेरिकेत अशी राष्ट्रीय उद्याने ६३ आहेत. आजी व नातू एकामागून एक उद्याने पाहत गेले. अलास्कात, वयाच्या ९१ व्या वर्षी, ती रबरी नावेत बसून खळाळत्या नदीतून गेली. मे २०२३ मध्ये ६३ वे उद्यान झाले. ते प्रशांत महासागरातील सामोआ बेटांवर आहे. त्या वेळी आजी ९३ वर्षांची होती.

“गाडी कोण चालवत होते?” नातवाने विचारले.

“नातू,” आजी म्हणाली आणि तिने कणीस फिरवले. “आजी खिडकीशी बसून पाहत होती.”

आजोबांनी एक लाकूड शेकोटीत सरकवले. ते काही बोलले नाहीत.

पहाटे गवतावर दहिवर गोठून पांढरे झाले होते. थंडी वाढली की नळांतील पाणी गोठून नळ्या फुटतात, म्हणून या भागातील अनेक तळ थोड्याच दिवसांत बंद होतात. आसपासची मंडळी आवराआवर करू लागली होती. नातवाने यादी वाचली. कड्यांचे कलम त्याने दोनदा वाचले आणि उठून प्रत्येक कडी हाताने ओढून पाहिली. मग सर्वजण आपापल्या जागी बसले आणि आजोबांची वाट पाहू लागले.

आजोबा पायरीवरून वर आले. त्यांनी खिशातून किल्ली काढली, क्षणभर हातात धरली आणि मुलीपुढे केली. “उतारावर खालच्या गियरमध्ये ठेव. ब्रेकवर पाय ठेवून बसू नकोस; तापतात ते.”

“हो, बाबा.”

“आणि हिला मागून जास्त जागा लागते वळताना.”

“ठाऊक आहे, बाबा. तुम्हीच शिकवलेत.”

आजोबा मागे जाऊन आजीच्या शेजारी खिडकीशी बसले. पट्टा त्यांना सापडेना. या जागेवर ते कधी बसलेच नव्हते. नातीने तो बांधून दिला.

थोड्या अंतरावर स्विफ्ट नदीवरचा जुना लाकडी पूल आहे. १८५८ साली बांधलेला हा पूल घरासारखाच छपराने झाकलेला आहे. त्यातून उंच वाहनांना जाता येत नाही, म्हणून मुलीने गाडी अलीकडेच उभी केली आणि मुले धावत पूल ओलांडून परत आली. पुन्हा गाडी सुरू झाली तेव्हा आजोबा अगदी खिडकीला चिकटून बसले होते. नदीच्या वळणावर शर्करा मेपलचा एक मोठा वृक्ष पाण्यावर ओणवला होता. शेंडा लाल, मध्ये केशरी आणि बुंध्याजवळ अजून थोडा हिरवा.

“हे झाड केव्हापासून आहे ग येथे?” आजोबांनी विचारले.

“चांगले जुने आहे. आपण दरवर्षी त्याच्यावरूनच जातो,” आजी म्हणाली.

आजोबा मान वळवून झाड दिसेनासे होईपर्यंत पाहत राहिले. “आणखी कोणती आहेत?” त्यांनी विचारले.

“थांबा,” आजी पडदा पुरा बाजूला सारत म्हणाली, “पुढच्या वळणावर डावीकडे एक बर्च येईल.”